आधी हाक, मग दादा

बाडहूव्हडॉर्प
रविवार, २ मार्च २०२५

दादा,

पाकीट बघून दचकला असशील. हल्ली आपल्याकडे कुणी गेल्याशिवाय हाताने पत्र लिहितं कोण? तसं काही नाही, सगळे धडधाकट आहेत. आठ महिने तुला मेसेज करतोय. दोन टिका निळ्या होतात, म्हणजे तू वाचतोस. उत्तर येत नाही. फोन केला की संध्यावहिनी उचलतात आणि "ते अंघोळीला गेलेत" म्हणतात. एवढ्या अंघोळी तू कोल्हापुरात वर्षभरात केल्या नव्हत्यास. शेवटी म्हटलं, कागदच धाडावा. फेकायचा झाला तरी तुला खुर्चीतून उठावं लागेल, तेवढाच गुडघ्याला व्यायाम.

संघाची खबर देतो. तुला नको असली तरी देतो. करवीर इलेव्हन गेला सीझन संपला तेव्हा तळाला राहिली, म्हणजे आठांत आठवी. तू पाय मोडून घरी बसलास आणि मग ग्रोनिंगनची नोकरी धरून निघून गेलास, त्यामुळे तुला आकडा माहीत नसेल: गेल्या सीझनमध्ये सात सामन्यांत आपण सव्वीस गोल खाल्ले. सव्वीस! मी गोलकीपर, त्यामुळे सव्वीसच्या सव्वीस वेळा जाळीतून चेंडू काढायचा मान माझा.

आता लीगने नवा नियम काढलाय. लागोपाठ दोन वर्षं जो तळाला, तो संघ बरखास्त. खेळाडू बाकीच्यांत वाटून टाकायचे. म्हणजे जून संपेपर्यंत आपण वर सरकलो नाही, तर तू दोन हजार बाराला माझ्या स्वयंपाकघरात बसून ज्याचं नाव ठेवलंस तो संघ खलास. माझ्या नशिबी अभिजितच्या भाषेत 'री-अलोकेशन' येईल. अभिजित अजून आपला फॉरवर्ड आहे, आणि अजूनही गोल चुकला की बुटांना शिव्या देतो.

एक आशा आहे. लीगमधला कुणीतरी अमेरिकेत राहून आलाय, त्याने तिकडची पद्धत आणलीय. सोळा ते एकवीस वयाची जी पोरं नव्याने नाव नोंदवतील, त्यांची यादी करायची आणि संघांनी पाळीपाळीने निवडायची. तळाच्या संघाला पहिली पाळी. त्याला ड्राफ्ट म्हणतात. थोडक्यात, हरलेल्याला पंगतीत पहिलं वाढायचं. अभिजित म्हणतो फॉरवर्ड घे. मी म्हणतो, घर गळतंय आणि तू नवा सोफा काय आणतोस? आधी बचाव बांधायचा. तू गेल्यापासून आपल्या मागे भिंतच नाही. विनयला स्टॉपर केलाय. एकोणपन्नास वर्षांचा भला माणूस आहे तो. इतका भला की समोरच्या फॉरवर्डला वाट देतो.

गेल्या तीस जूनबद्दल आज लिहीत नाही. लिहायचं आहे. आज होत नाही.

मला दोन गोष्टी हव्या आहेत, दादा. संघ टिकावा, आणि तू माझ्याशी बोलावंस. पहिली नाही झाली तरी चालेल.

तुझा,
आशू


बाडहूव्हडॉर्प
रविवार, १६ मार्च २०२५

दादा,

काल ड्राफ्ट झाला. झुइडओस्टमधल्या एका हॉलवर, मेट्रोच्या पुलाला लागून. लग्नाचा मुहूर्त असावा तशी गर्दी होती. पोरं कोपऱ्यात फोनमध्ये, आणि आईबाप मात्र नटूनथटून पहिल्या रांगेत. आठवडाभर आधीपासून मला शिफारशी सुरू. "आमचा लाजतो जरा, पण स्टॅमिना आहे." "आमचीला शुगर-फ्री चालतं." मला कळेना, मी डिफेंडर निवडतोय की जावई.

सगळ्यांचा डोळा सिद्धार्थवर होता. शाळेच्या संघासाठी त्याने बावीस गोल मारलेत. पहिली पाळी माझी, म्हणजे सिद्धार्थ आपल्याकडे येणार हे सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं. अभिजित माझ्या कानाशी "सिद्धार्थ, सिद्धार्थ" करत जप करत होता. मी उठलो आणि म्हणालो, "श्रुती."

मागे कुणीतरी हसलं. श्रुतीची आई शर्मिला हातातली बटाटेवड्यांची प्लेट तशीच धरून म्हणाली, "अहो, तिची परीक्षा आहे! मी नाव फक्त अनुभवासाठी घातलं होतं." अभिजित माझ्याशी अजून नीट बोलत नाहीये. माझ्याशी न बोलणाऱ्यांचा आता एक संघ होईल.

श्रुती अठरा वर्षांची आहे. इथे डच क्लबमध्ये मुलींच्या संघात स्टॉपर खेळते. फेब्रुवारीत एका शनिवारी मी भाजी घेऊन सायकलवरून येत होतो, मैदानाशी थांबलो. खरं म्हणजे खेळ बघायला थांबलो नाही, आवाज ऐकून थांबलो. एक मुलगी तासभर बोलत होती. डावीकडे ये, वर चल, वेळ आहे, तुझ्या पाठीशी माणूस आहे. तिच्यासमोरची फॉरवर्ड चेंडूला शिवलीसुद्धा नाही. मी कोथिंबीर सुकेपर्यंत उभा राहिलो.

दुसऱ्या फेरीत राजस घेतला. सतरा वर्षांचा, डावा पाय, आमच्याच गल्लीतला. शनिवारी आल्बर्ट हाइनमध्ये शेल्फांवर दुधाचे डबे लावतो. मी विचारलं, "बचावात खेळशील?" म्हणाला, "इज गूड." एवढंच. डच पोरं होकाराला जास्त शब्द खर्च करत नाहीत. तिसऱ्या फेरीत प्रतीक, एकोणीसचा, उंच, उजव्या बाजूला. त्याला कुणी घेत नव्हतं कारण तो हळू पळतो. पण चेंडू कुठे पडणार हे त्याला आधी कळतं, त्यामुळे त्याला पळावं लागत नाही. तुझ्यासारखं.

म्हणजे चार जणांच्या बचावात तीन पोरं आणि मधे विनय. बघू.

गुडघा कसा आहे? वहिनी आणि योगिनी, दोघी जावा फोनवर बोलतात ना, त्यात कळलं की जिना चढतोस आता. मला बरं वाटलं.

आशू


बाडहूव्हडॉर्प
रविवार, ६ एप्रिल २०२५

दादा,

हरलो. एक-चार. पहिलाच सामना.

पाडव्याला गॅलरीत गुढी उभारून योगिनी मला म्हणाली होती, यंदा काहीतरी चांगलं सुरू होऊ दे. आज चौथा गोल खाल्ल्यावर मला ती गुढी आठवली आणि श्रीखंडही.

पण तुला सांगायचं आहे ते वेगळंच. सामना संपल्यावर सगळे पाणी पीत होतो. "हार्ड लक", "पुढच्या वेळी" असं आपलं नेहमीचं चाललेलं. श्रुती मधे उभी राहिली, कमरेवर हात. म्हणाली, "हार्ड लक नाही. चारही गोल सेम आहेत. तुम्ही कोणी बोलतच नाही!"

विनय म्हणाला, "अगं बोलतो की."

"नो. तू बोलत नाहीस, काका. तू 'एक्स्क्यूज मी' करतोस." आणि माझ्याकडे वळून, "आणि आशूकाका, तू कीपर आहेस. कीपर मुट प्राटन! कीपरने बोललंच पाहिजे, कीपरला सगळं दिसतं. तू का नाही ओरडत?"

मी म्हणालो, ओरडलो होतो.

म्हणाली, "मी पाच मीटरवर होते. तू म्हणालास, 'विनयराव, जरा…' आणि गोल झाला."

सगळे हसले. मीही हसलो. मग बुटाची नाडी बांधायला खाली वाकलो, ती सुटलेली नव्हती.

मग तिने नियम केला. आपल्या लोकांना आधी नातं लागतं, मग काम. "काका, जरा डावीकडे येता का?" यात काका होईस्तोवर फॉरवर्ड निघून जातो. मैदानावर उलटं करायचं. आधी काम ओरडायचं, मग वेळ उरला तर काका. कीपरला चेंडू हवा असेल तर डच लोक 'लॉस!' ओरडतात, म्हणजे सोड, माझा आहे. पाठीशी माणूस असेल तर 'रुख!', म्हणजे पाठ. दोन्ही एका श्वासाचे शब्द, त्यांत अहो-जाहो बसतच नाही.

शर्मिला बाजूने म्हणाली, "श्रुती, विनयकाकांना नुसतं 'लॉस' काय म्हणतेस? काका तरी म्हण."

श्रुती म्हणाली, "म्हणेन ना. नंतर."

बुधवारी सराव आहे. मला नुसतं गोलमध्ये उभं करून ओरडायला शिकवणार आहेत. सव्वीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला.

आशू


बाडहूव्हडॉर्प
रविवार, २७ एप्रिल २०२५

दादा, जिंकलो!

एक-शून्य. शून्य, दादा! तू गेल्यापासून पहिल्यांदा मी जाळीतून चेंडू काढायला वळलो नाही. मधे तेराला दोन-दोन बरोबरी झाली होती, ते कळवायचं राहिलं. काल इथे राजाचा दिवस होता, सगळं गाव नारिंगी कपड्यांत रस्त्यावर जुन्या वस्तू विकत बसलेलं. राजसने आपले लहानपणचे शिनगार्ड विकायला काढले, ते विनयने घेतले. आज तेच घालून खेळला. घट्ट होत होते, पण काढायला तयार नाही.

सराव सांगतो. पहिल्या बुधवारी श्रुतीने मला गोलमध्ये उभं केलं आणि म्हणाली, चेंडू नाही, नुसतं ओरड. मी "लॉस" म्हणालो. राजस म्हणाला, "काका, दॅट वॉज अ क्वेश्चन." दुसऱ्यांदा मोठ्याने म्हणालो. प्रतीक म्हणाला, शेजारच्या मैदानावर जाईल इतकं. तिसऱ्यांदा माझा आवाज फाटला आणि तिकडची दोन डच पोरं खरंच थांबून बघायला लागली. घरी आल्यावर योगिनीने हळद-दूध दिलं. म्हणाली, लग्नाला एकोणीस वर्षं झाली, तुझा आवाज असाही आहे हे मला माहीत नव्हतं.

गंमत विनयची. पहिले दोन दिवस तो श्रुतीच्या ओरडण्याने दुखावला. घरी बायकोला म्हणाला म्हणे, पोरगी माझ्या लेकीपेक्षा लहान, 'विनय, रुख!' म्हणते. आज सामना संपल्यावर माझ्याजवळ येऊन बसला, बूट सोडत. म्हणाला, "आशुतोष, दहा वर्षं मी इथे मान वळवून वळवून खेळलोय. आज पहिल्यांदा मला माझ्या मागे कोण आहे ते माहीत होतं. काय हलकं वाटतं रे."

मी त्याला पाण्याची बाटली दिली आणि कोपऱ्यात गेलो.

हे पत्र लगेच टाकतो. जिंकल्याचं तुला मंगळवारपर्यंत तरी कळावं.

आशू


बाडहूव्हडॉर्प
मंगळवार, २९ एप्रिल २०२५

दादा,

आनंदाचं पत्र काल सकाळी पेटीत टाकलं. संध्याकाळी वहिनींचा योगिनीला फोन आला. ती स्पीकरवर ठेवून पोळ्या लाटत होती, मी कांदा चिरत होतो. वहिनींना मी तिथे आहे हे माहीत नव्हतं. त्या सांगत होत्या, तू कामाला बसने जातोस. सायकल तळघरात आहे. गुडघा बरा झाला, डॉक्टरने तर सायकल चालवाच म्हणून सांगितलं, तरी तू काढत नाहीस. का, तर "मला मागून येणारं ऐकू येत नाही, कुणाच्या तरी अंगावर जाईन." कानांची तपासणी झाली. डॉक्टर म्हणाला वयाच्या मानाने उत्तम आहेत. तू घरी येऊन म्हणालास, मशीनला काय कळतंय, मैदानावर ऐकू आलं नाही ते खरं.

मी सुरी खाली ठेवली. योगिनीला वाटलं कांद्याने.

दादा, तुझे कान ठीक आहेत. मी आवाज दिलाच नव्हता.

तीस जूनला शेवटच्या दहा मिनिटांत तो उंच चेंडू आला. तू त्याच्याकडे बघत मागे मागे येत होतास. मी गोल सोडून पुढे निघालो होतो. मला तू दिसत होतास, चेंडू दिसत होता, त्यांचा फॉरवर्ड दिसत होता, सगळं दिसत होतं. मी तोंड उघडलं. आधी 'दादा' म्हणायचं, मग 'सोड' म्हणायचं. 'दादा'सुद्धा बाहेर पडलं नाही, तोवर माझा खांदा तुझ्या गुडघ्यात होता.

तू जमिनीवर पडल्या पडल्या विचारलंस, "आशू, आवाज का नाही दिलास?" अकरा जण उभे होते. मी म्हणालो, "दिला होता दादा. तुला ऐकू आला नाही."

हे वाक्य मी बोललो. कुणी बोलायला लावलं नाही. तू माझ्याकडे बघितलंस आणि मान हलवलीस. तू लगेच विश्वास ठेवलास. मी तुझ्याशी कधी खोटं बोललो नव्हतो ना. माझ्या प्रगतिपुस्तकावर अण्णांच्या जागी तू सह्या करायचास, तेव्हाही नापासाचं मीच येऊन सांगायचो. मग सगळे म्हणायला लागले, राजनचं आता वय झालं, ऐकायला कमी येतं. मी ते ऐकत होतो. कुणालाही थांबवलं नाही. उलट तू संघ सोडलास तेव्हा, देवाशपथ, मला क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. रोज तुझ्या तोंडाकडे बघायला नको.

मला वाटत होतं तू माझ्यावर रागावलायस म्हणून बोलत नाहीस. आता कळतंय, तुला लाज वाटत होती. माझ्या चुकीची लाज तू दहा महिने बसमधून नेतोयस.

एक गोष्ट सांगतो, सबब म्हणून नाही. कोल्हापुरात शाळेमागच्या मैदानावर मी दहा वर्षांचा असताना गोलमध्ये उभा होतो. तू पेठेच्या पोरांत मोठा खेळाडू. मी जोरात ओरडलो, "राजन, सोड!" चेंडू मी बरोबर अडवला. तू चालत आलास आणि सगळ्यांसमोर कानाखाली वाजवलीस. "दादा म्हण." तुला आठवणारही नाही. मला ती थप्पड कधी लागली नाही, पण ती पद्धत लागली. अठरा वर्षांच्या मुलीने मला तीन बुधवारांत ती मोडायला शिकवली. तिला कळलं नाही, ती कुणासाठी शिकवतेय.

सायकल काढ. तुला जे बोलायचं असेल ते बोल, नाही बोललास तरी चालेल. पण सायकल काढ, दादा. तुला सगळं ऐकू येतं.

आशू


बाडहूव्हडॉर्प
रविवार, १८ मे २०२५

दादा,

उत्तर नाही. ठीक आहे. या वेळी मी टिका मोजत नाहीये.

आपण गेल्या रविवारी शून्य-एक हरलो, आज शून्य-शून्य. पाच सामन्यांत सात गोल खाल्ले. अभिजित माझ्याशी बोलायला लागला, कारण सिद्धार्थ ज्या संघात गेला तो आपल्या खाली आहे. बावीस गोलांचा पोरगा आज श्रुतीच्या खिशात होता.

आणखी एक. सरावानंतर मी सगळ्यांना गोल करून बसवलं आणि सांगितलं की तीस जूनला मी आवाज दिला नव्हता, राजनदादाचे कान चांगले आहेत. पोरांना काही कळलं नाही, जुन्यांना कळलं. विनयने पिशवीत बूट भरले. मग म्हणाला, "त्यांना सांगितलंस का?" मी हो म्हणालो. म्हणाला, "मग बरं." कुणी मला मिठी मारली नाही आणि कुणी शिव्याही दिल्या नाहीत. राजसने विचारलं, सरावात शर्टावरून घालायचे ते रंगीत बिब उद्या वेगळे धुवायचे का. त्या रात्री मी किती तरी महिन्यांनी आडवा झालो तो सकाळीच उठलो.

तुला दुखावून मला झोप लागते, हे लिहितानाही कसंतरी वाटतं. पण खोटं किती लिहू आता.

आशू


बाडहूव्हडॉर्प
रविवार, ८ जून २०२५

दादा,

संघ वाचला.

पंचवीस मेला दोन-एक जिंकलो होतो, आज बरोबरी हवी होती. वारा असा की चेंडू मारला एकीकडे आणि गेला दुसरीकडे. एक-एक होतं. शेवटच्या पाच मिनिटांत उंच चेंडू आला, तसाच, डी-च्या मधोमध. विनय त्याच्याकडे बघत मागे मागे येत होता. त्यांचा फॉरवर्ड त्याच्या पाठीशी. मी गोल सोडून निघालो.

"लॉस!"

विनय थांबला. जागच्या जागी, मान खाली घालून. मी त्याच्या डोक्यावरून चेंडू घेतला आणि छातीशी धरून पडलो. कुणाला काही लागलं नाही. विनय वळून म्हणाला, "काका कुठेय?" मी गवतात पडल्या पडल्या म्हणालो, "काका." रेफरी बिचारा बघतच राहिला, दोन टक्कल पडलेले लोक काय हसतायत म्हणून.

सात सामने, नऊ गोल. सव्वीसवरून नऊ. सहावा क्रमांक. शर्मिलाने पोरांची दृष्ट काढली, मैदानावर, मोहरी-मिरच्यांनी. इथे विस्तव कुठला, म्हणून मिरच्या डब्यात परत घरी नेल्या. श्रुतीची परीक्षाही पार पडली. ती म्हणते पुढच्या वर्षी ड्राफ्टमध्ये आणखी एक स्टॉपर घे, विनयकाका पन्नासचा होईल. म्हणाली, आवाज असलेला घे, पाय नंतर शिकवू.

मी आडवा पडून चेंडू धरला होता ना दादा, तेव्हा वाटलं, एवढंच तर होतं. एक शब्द. बाकी काय लिहू. संघ टिकला ते तुला सांगायचं होतं.

आशू


ग्रोनिंगन
बुधवार, ११ जून २०२५

आशू,

तुझी सगळी पत्रं मिळाली. एकही फेकलं नाही. खुर्चीतून उठलो ते दर वेळी चष्मा आणायला.

२९ तारखेचं पत्र वाचून लगेच लिहिलं असतं तर या पानावर नुसत्या शिव्या असत्या आणि त्याही पेठेतल्या. म्हणून थांबलो. राग आला. अजून आहे. दहा महिने मी बसमध्ये पहिल्या सीटवर बसत होतो, ड्रायव्हर काही बोलला तर ऐकू यावं म्हणून. ऑफिसात मीटिंगला पोरांच्या ओठांकडे बघायचो. तुझी वहिनी हाक मारायची आणि मला आली तरी वाटायचं, हिने आधी दोनदा मारली असणार. हे सगळं एका वाक्याने झालं. तू ते लिहून माफी मागितली नाहीस, ते बरं केलंस. माफी मागितली असतीस तर मला "असू दे" म्हणावं लागलं असतं.

थप्पड मी विसरलो होतो. तुझं पत्र वाचल्यावर मैदान आठवलं, तुझी ती पिवळी चड्डी आठवली, आणि हेही आठवलं की चेंडू तू खरंच छान अडवला होतास. मी पोरांसमोर कमी पडलो म्हणून मारलं. चूक तुझी नव्हती. तुझी आणि माझी फिटली असं मी म्हणत नाही. माझा गुडघा थंडीत दुखतो, तुझा गाल दुखत नसणार. पण एवढं कळलं की दार मीच बंद केलं होतं आणि तुला आत का आला नाहीस म्हणून विचारत होतो.

गेल्या रविवारी तू चेंडू अडवत असशील त्याच सुमाराला मी तळघरात गेलो. सायकलच्या दोन्ही चाकांत हवा नव्हती. पंप शेजारच्या म्हातारीकडून आणला. कालव्याच्या काठाने निघालो. पहिला अर्धा किलोमीटर मान सारखी मागे. मग मागून कुणीतरी घंटी वाजवली, लांबून, चांगल्या वीस-पंचवीस हातांवरून. मी ऐकली. बाजूला झालो. एक बाई सायकलच्या पुढच्या पेटीत दोन पोरं घेऊन निघून गेली, "धन्यवाद" म्हणून. आशू, मी तिथेच थांबून एका बाकावर बसलो आणि पाचेक मिनिटं नुसतं ऐकत होतो. बदकं, होडीचं इंजिन, कुणाचं तरी कुत्रं. सगळं येत होतं. संध्याने विचारलं, डोळे का लाल. मी म्हणालो, वारा.

श्रुतीला सांग, कोल्हापूरचा एक जुना स्टॉपर तिला सलाम करतो. आणि पुढच्या ड्राफ्टला मला बोलाव. खेळणार नाही, यादी बघेन. पोरगं निवडताना पायाकडे कुणीही बघतं.

शनिवारी ये. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, ते तुला माहीत नाही कारण तू आलाच नाहीस. बेल वाजवू नकोस. रस्त्यावर उभा राहून हाक मार, मोठ्याने. शेजारची म्हातारी खिडकीत येईल, येऊ दे. दादा मागाहून म्हण.

मला ऐकू येतं.

राजन